बोटाला विचारून

५ जानेवारी, सोमवार

ही म्हणाली, "अहो, रोज माझ्यावर ओरडण्यापेक्षा कागदावर ओरडत जा. तो उलटून बोलत नाही." आणि ही वही समोर आदळली. बरं. ओरडतो.

आज एक काम परत आलं. आयुष्यात पहिल्यांदा. टॅक्सीवाला म्हणाला, "बोटवाले, सांध्यातून फटफट आवाज येतो आणि धूर आत शिरतो." खोलून बघितलं. मॅनिफोल्डचं तोंड एका बाजूला इतकं खाल्लेलं की सांधा बंद करणारं गॅस्केट बसायलाच जागा नाही. मी सांगून टाकलं, हे माझं काम नव्हेच, नंतर कुणीतरी हात मारलाय. टॅक्सीवाला गप्प. धाकटाही गप्प. हे काम केलं त्या आठवड्यात धाकटा तापाने घरी होता, मी एकट्याने केलं होतं, त्यामुळे त्याला काय माहीत म्हणा. पण भावाने निदान "दादाचं काम असं नसतं" एवढं तरी म्हणायला नको?

हिला अजून वाटतं मी "पाइप घासतो". म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या अंगाला बसवलेला बिडाचा, ओतीव लोखंडाचा, पंजा. प्रत्येक सिलिंडरचा जळका धूर एकेका बोटातून येतो, मनगटाशी एक होतो आणि सायलेन्सरकडे जातो. जुन्या गाड्यांचे हे पंजे ओतताना कुणी फार जीव लावलेला नसतो. आत गाठी, खडबड, इंजिनाच्या भोकाला तोंड जुळत नाही. धूर अडतो, इंजिन धापा टाकतं. मी ग्राइंडर आत घालून ती वाट मोकळी करतो. कमी खाल्लं तर काम फुकट, जास्त खाल्लं तर भिंत फुटते. किती खायचं ते बोट सांगतं. वळणाच्या आत माप पोचत नाही, बोट पोचतं. धाकट्याला शिकवताना मी एवढंच म्हणायचो, "मापाला नको, बोटाला विचार." बाजारात मला बोटवाले म्हणतात ते उगीच नाही. माझं खरं नाव हिलासुद्धा आठवावं लागेल.

आणि अशा माणसाचं काम परत येतं. जेवण गेलं नाही.

७ जानेवारी

शिंपीणबाई आल्या. पलीकडच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, आमच्या हिची पोलकी तिथेच शिवतात. नवऱ्याची जुनी सहा सिलिंडरची गाडी तो गेल्यापासून शेडमध्ये उभी होती. आता लेक वर डोंगरावरच्या गावात राहते, ती बाळंत व्हायची आहे, आणि बाईंना तिच्याकडे त्याच गाडीने जायचंय. बस आहे की, मी म्हणालो. तर म्हणाल्या, "बस माझी आहे का भाऊ? ही आमची आहे. पण चढावर धाप लागते तिला. ह्यांना लागायची तशीच."

मॅनिफोल्ड काढून बघितलं. असं ओतीव काम आता कुणी करत नाही. भंगारात शोधून मिळणार नाही, दुसरा तुकडा नाही. हा गेला तर गाडी गेली. धाकटा म्हणाला, "दादा, हे नको घेऊया." मी विचारलं, का? तर इकडेतिकडे बघायला लागला. टॅक्सीवाल्याने परत आणलेला तुकडा अजून फळीवर पडला होता. मी लगेच बाईंना हो म्हणालो.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. काम झालं, इंजिन चालू केलं की मी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरतो. धुराचे ठोके हाताला लागतात, सारखे आहेत की एखादा लंगडा आहे ते बोटं सांगतात. मग मी "बरोबर" म्हणतो, आणि तो शब्द निघाल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जात नाही. बाईंना हे ठाऊक होतं. म्हणाल्या, "तुमचं 'बरोबर' ऐकलं की मी निघते."

हे काम नीट झालं पाहिजे. नाही झालं तर मी कोण?

११ जानेवारी

पेन भिकार आहे. अक्षर बघा, कोंबडीचे पाय. हिला सांगितलं दुसरं आण. म्हणाली, "परवाच आणलंय. नाचता येईना अंगण वाकडं." उचलली जीभ लावली टाळ्याला.

सकाळी बोटं पांढरीफटक पडतात, थंडीच तशी आहे. शर्टाचं वरचं बटण लागेना तर ही लगबगीने पुढे आली आणि लावायला लागली. मी काय लहान पोर आहे? जोरात ओरडलो. मग वाईट वाटलं. कपातला चहा कोमट होता म्हणून घटाघट प्यायलो तर जीभ पोळली. कप हातात धरला तेव्हा तर कोमटच होता. ही माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच जीभ मुद्दाम पोळून घेतली.

१३ जानेवारी

धाकटा माझ्याआधी दुकानात येतो, अगदी भल्या सकाळी. मी पोचतो तेव्हा माझ्या टेबलावरचा दिवा आधीच लावलेला असतो. काय करतो विचारलं तर "झाडलोट". झाडलोट करणाऱ्याच्या बाहीवर बिडाचा काळा भुगा कशाला?

आज कहर झाला. शिंपीणबाईंच्या मॅनिफोल्डवर बाहेरून खडूने गोल काढून ठेवलेत! म्हणाला, "दादा, कॅलिपर घालून जमेल तेवढं मोजलं. ओतताना आतला साचा सरकलाय, इथे भिंत पातळ आहे. या गोलांपाशी जपून." मला! ज्याने त्याला ग्राइंडर कुठल्या हातात धरायचा ते शिकवलं त्याला! आजीबाईला नातीने बाळंतपण शिकवावं तसं. मी ओल्या फडक्याने सगळे गोल पुसून टाकले, त्याच्यासमोर. त्याने फडकं धुऊन वाळत घातलं.

संध्याकाळी घरी आलो तर तो आणि ही अंगणात कुजबुजत होते. मला पाहून दोघं गप्प. ही म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊन येऊ का एकदा?" कशाला? मला ताप नाही, खोकला नाही. समजलं सगळं. मला आजारी ठरवायचं आणि दुकान धाकट्याच्या हातात द्यायचं. बोट दिलं की हात धरतात म्हणतात ते खोटं नाही. आणि हीसुद्धा त्याच्यात. मला कोणीच नाही.

१९ जानेवारी, सोमवार

काम सुरू केलं. पहिली दोन तोंडं उघडली, आत बोट फिरवलं. लोण्यासारखं. मनाला जरा बरं वाटलं. मग धाकट्याने न विचारता बोट घातलं आणि म्हणाला, "दादा, इथे पायरी राहिलीय." मी परत घातलं. कुठे आहे पायरी? म्हणालो, तुझ्या नखात असेल. तो हसला नाही. पूर्वी अशा गोष्टीला तो हसायचा.

खरं सांगायचं तर, आणि हे फक्त इथे सांगतोय, दुसऱ्यांदा बोट घातलं तेव्हाही लोण्यासारखंच लागलं, पण बाहेर काढल्यावर बघितलं तर बोटावर ओरखडा होता. गुळगुळीत लोखंड ओरखडत नाही. मग ओरखडा कशाचा? कानशीचा असेल. झोप लागत नाही.

२० जानेवारी

फुटलं.

उजव्या हातात ग्राइंडर, तो आत. डावा हात बाहेरून भिंतीवर. हीच माझी पद्धत, आयुष्यभराची. भिंत पातळ व्हायला लागली की बाहेरच्या बोटांना वेगळी झिणझिण लागते, ऊब लागते, तिथे थांबायचं. आज झिणझिण लागली नाही, ऊब लागली नाही, म्हणून मी खात राहिलो. धाकट्याची किंकाळी आली, "दादा, रक्त!" मी इकडेतिकडे बघतोय कुणाला लागलं. माझ्याच डाव्या बोटांतून रक्त गळत होतं. ग्राइंडरचं टोक भिंत फोडून बाहेर आलं होतं आणि बोटावर फिरत होतं.

भोक कुठे पडलं हे लिहायची लाज वाटते. पुसलेल्या खडूच्या जागी. ओल्या फडक्याने पुसलं तरी बिडावर पांढुरका गोल राहतो, बरोबर त्याच्या मधोमध.

२१ जानेवारी

दुकानात गेलो नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. हिने दोनदा जेवायला बोलावलं.

२४ जानेवारी, शनिवार

वेल्डरकाकांना बोलावलं. बिडाला जोड देणं म्हणजे रुसलेल्या व्याह्याची मनधरणी, एकदम गरम झालं तर तडकतं, एकदम गार झालं तरी तडकतं. मोठ्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवलं, काकांनी भोक भरलं, मग राखेत पुरून ठेवलं, सावकाश निवायला. काका म्हणाले, "आता कुणी हात लावू नका. आणि कुणी शिंकूही नका." आम्ही दोघे भाऊ राखेच्या डब्याशी बसलो. धाकट्याने माझ्यापुढे पाव ठेवला, मी सरकवला.

दुपारनंतर राखेतून आवाज आला. टण्. फार मोठा नव्हता. काकांनी डोळे मिटले. उकरून काढलं तर भोकापासून वीतभर चीर.

काका म्हणाले, "परत तापवलं तर दोन तुकडे होतील. बीड म्हातारं झालंय." आणि हत्यारं गोळा करून गेले, चहालाही थांबले नाहीत. धाकट्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी झटकला. कुणी मायेने हात ठेवला की मला रडू येतं, आणि मला त्याच्यापुढे रडायचं नव्हतं.

२७ जानेवारी, मंगळवार

शिंपीणबाईंना सांगायला त्यांच्या दुकानात गेलो. रस्ताभर पाठ केलं होतं, बीड जुनं होतं, ओतकाम सरकलेलं होतं, वगैरे. त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच निघालं, "बाई, तुमच्या ह्यांची गाडी मी मारली."

त्या मशीनवरून उठल्या नाहीत. पायही थांबवला नाही, शिवण पुरी केली. मग म्हणाल्या, "बसा." मी बसलो. "फाटलंय ना? मग टाके घालता येत नाहीत का?"

म्हणालो, बाई, ते लोखंड आहे, कापड नव्हे.

"तुमच्याकडे ठिगळ लावत नाहीत?"

लावतात. बाहेरून पातळ पट्टी बसवायची, चिरेच्या दोन्ही बाजूंनी आट्यांची बारीक भोकं पाडायची, स्क्रू घालून ठोकायचे, आग न लावता. पण ठिगळ लावलेलं काम माझ्या दुकानातून कधी गेलं नाही, आणि तेच मी त्यांना ऐटीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "माझ्या दुकानातून रोज जातं. लोक ते घालून लग्नाला जातात."

मी हातवारे करून आट्यांचं समजावत होतो. त्यांनी माझा हात धरून मशीनवर ठेवला, जणू पोराला गप्प बसवायचंय, आणि ऐकत राहिल्या. फार नीट ऐकत होत्या, मधूनमधून माझ्या तोंडाकडे बघत. उगीच डोळ्यांत पाणी आणलं त्यांनी. मी म्हणालो, रडू नका बाई. म्हणाल्या, "गाडीसाठी नाही रडत." निघताना पदराआडून काहीतरी मशीनवरच्या उशीत खोचून ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, वहिनींना माझ्याकडे पाठवा."

घरी येऊन बघतो तर उजव्या तर्जनीच्या टोकावर रक्ताचा थेंब. शर्टाच्या बाहीवरही. कुठला तरी बिडाचा कण रुतला असणार.

२९ जानेवारी

मशीनवरच्या त्या उशीत टाचण्या असतात.

हे मला आज अंघोळ करताना सुचलं. ही बाहेर गेली होती. मी तिच्या शिवणाच्या डब्यातून सुई घेतली आणि खिडकीपाशी बसलो. डोळे मिटले. एकेका बोटाला विचारलं.

उजव्या हाताच्या अंगठ्याने उत्तर दिलं, तेही दूरच्या खोलीतून दिल्यासारखं. तर्जनी नाही. मधलं नाही. डाव्याच्या करंगळीला थोडं कळलं. बाकी सगळ्यांत सुई उभी राहिली आणि मला कळलं ते डोळे उघडल्यावर.

म्हणजे लोण्यासारखं लागत होतं ते लोखंड नव्हतं. ती माझीच बोटं होती. चहा गरमच होता. पेन चांगलं होतं. टॅक्सीवाल्याचं तोंड मीच खाल्लं होतं, आणि मी त्याला खोटं पाडलं.

ही आली तेव्हा मी तसाच बसलो होतो, बोटांवर थेंब घेऊन. तिने सुई काढून घेतली. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, "मागच्या वर्षी तुम्ही उलथन्याचा तापलेला दांडा धरून उभे होतात आणि माझ्याशी गप्पा मारत होतात, तेव्हापासून." आणि धाकटा? "तो रोज सकाळी लवकर जातो ना. तुम्ही आदल्या दिवशी केलेलं काम तो हाताने बघून नीट करून ठेवतो. वर्ष झालं. आजारी पडला तेवढा एक आठवडा राहिला." मी म्हणालो, मला सांगायचं नाही? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

मी म्हणालो, नाही. मग आम्ही दोघंही रडलो. इतक्या मोठ्या माणसाला इतका मोठा आवाज काढून रडता येतं हे मला माहीत नव्हतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डोळे मिटायला सांगितले. "आता टोचतेय, कळलं की सांगा." मी म्हणालो, "कळलं." म्हणाल्या, "काका, मी अजून टोचलंच नाही."

ग्राइंडरचं थरथरणं, वर्षानुवर्षं, असं त्या म्हणाल्या. बोटांतल्या शिरा आणि संवेदना मरत गेल्या. ग्राइंडर आजपासून बंद. परत येईल का सगळं? त्यांनी थोडा वेळ कागदावर काहीबाही लिहिलं आणि मग म्हणाल्या, "निदान आणखी जाणार नाही." ज्या कामाने मला बोटवाला केलं त्यानेच बोटं खाल्ली. आता दात ओठ खाऊन उपयोग काय.

बाहेर बाकावर धाकटा बसला होता. त्याने म्हणे डिसेंबरातच माझा नंबर लावला होता, दोनदा. मी त्याला काय काय म्हणालो होतो ते याच वहीत वर लिहिलंय. फाडून टाकणार होतो. पण पान चिमटीत येईना.

९ फेब्रुवारी

ठिगळ बसवलं. म्हणजे धाकट्याने बसवलं. मी स्टुलावर बसून सांगितलं. आटे कुठे पाडायचे, स्क्रू कसा ठोकून दाबायचा, चिरेच्या शेवटाला आधी भोक पाडून तिची वाट कशी बंद करायची. शिंपीणबाई मध्येच येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "टाके जवळजवळ घाला हो."

मग उरलेली तोंडं. त्याने ग्राइंडर घेतला, आधी स्वतः खडूने गोल काढले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, काढ, काढ. तो काम करताना मी त्याच्या हातांकडे बघत होतो. माझ्यासारखाच डावा हात बाहेरून भिंतीवर. मला भीतीच वाटली. म्हणालो, थांब, तू हातमोजे घालून करत जा, जाड. तो म्हणाला, "मग लागणार कसं रे दादा?" म्हणालो, थोडंच कळेल, पण कळत राहील. थोड्या थोड्या वेळाने थांबायचं, हात शेकायचे. मला हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, ते वेगळं.

आतली पायरी गेली का, मी विचारलं. त्याने बोट फिरवलं, डोळे मिटून. मी त्याचा चेहरा वाचत होतो. आता मला त्याचा चेहराच वाचावा लागणार. तो म्हणाला, "अजून केसभर." मला हेवा वाटला. भावाच्या बोटाचा हेवा. इतका वाईट माणूस आहे मी.

१५ फेब्रुवारी, रविवार

शिंपीणबाईंची गाडी निघाली. सामान आधीच भरलेलं, मागच्या सीटवर बाळंतविड्याचं गाठोडं. धाकट्याने चालू केली. पहिल्याच फटक्याला लागली, ठिगळाने दम धरला. कुठे फटफट नाही, धापा नाहीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मागे गेलो.

तळहात धरला. बोटं पसरली, नेहमीसारखी. धूर येत होता, दिसत होता. मनगटाच्या आतल्या बाजूला ऊब लागत होती. पण बोटांना काही नाही. ठोके मोजणारी सगळी गेलेली. मी आणखी जवळ धरला. बाई गाडीच्या दाराशी उभ्या, माझ्या एका शब्दासाठी. हीसुद्धा आली होती. "बरोबर" म्हणणं किती सोपं होतं! एकाही माणसाला कळलं नसतं, आणि गाडी खरोखर बरोबर होतीही असेल. पण मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात न कळता तो शब्द कधी म्हणालो नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. गेल्या वर्षभरात किती वेळा म्हणालो असेन, देव जाणे.

मी हात काढला. म्हणालो, "धाकट्या, तू सांग."

तो नको नको म्हणायला लागला. मी दटावलं, "इकडे ये म्हणतो ना." तो आला, माझ्याच जागी वाकला, माझ्यासारखीच बोटं पसरली. बराच वेळ. इतका वेळ घेतो मी? कान लालबुंद झाले होते त्याचे. मग उभा राहिला आणि बाईंकडे नाही, माझ्याकडे बघून, हळू आवाजात म्हणाला, "बरोबर."

बाईंनी मला नमस्कार केला आणि स्वतः स्टिअरिंगशी बसल्या. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. मी हात खिशात घातले, तेही कळलं नाही, दिसलं म्हणून कळलं.

आज सकाळी शर्टाची बटणं हिने लावली. वरपासून खालपर्यंत, एकेक. मी ओरडलो नाही.

कागदावरही आता ओरडण्यासारखं काही राहिलं नाही.